डीलरने बसवलेले परफॉर्मन्स पार्ट आणि नाकारलेला वॉरंटी क्लेम: कोणाकडे काय मागायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी टर्बो-पेट्रोल गाडी घेतली. डिलिव्हरीआधी डीलरच्याच वर्कशॉपमध्ये बाहेरच्या कंपन्यांचं एअर इनटेक (इंजिनला हवा पोचवणारा भाग), एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारी नळी), लोअरिंग स्प्रिंग (गाडीची उंची कमी करणाऱ्या) आणि पॉवर वाढवणारा ट्यूनिंग बॉक्स बसवून मिळाला. सगळं गाडीच्याच बिलात. वर्ष व्हायच्या आत टर्बो (इंजिनमध्ये जास्त हवा दाबून भरणारा भाग) गेला. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो, 'मॉडिफिकेशन आहे, वॉरंटी रद्द.' सेल्सवाले म्हणतात, 'पार्ट आमचे नाहीत, बनवणाऱ्यांना विचारा.' पार्टवाले म्हणतात, 'आमचा पार्ट शाबूत आहे, टर्बो तुमच्या गाडीचा गेलाय.' आता गाडीमालकाने धरायचं कोणाला?

बरीच वर्षं माझं काम वॉरंटी क्लेम तपासण्याचं होतं. आता गाडीमालकांच्या बाजूने बिघडलेल्या गाड्यांची तपासणी करून अहवाल देणं हे काम आहे. त्या अनुभवावरून आधी उत्तर सांगून टाकतो: 'वॉरंटी रद्द' हे तोंडी उत्तर मान्य करू नका, पण सगळी ताकद गाडी कंपनीशी भांडण्यातही घालवू नका. अशा प्रकरणात तुमचा सगळ्यात भक्कम दावा बहुतेक वेळा डीलरवर असतो, आणि नेमका तोच लोक शेवटपर्यंत करत नाहीत.

कारण असं की इथे एक वॉरंटी नाही, तीन वेगवेगळ्या हमी आहेत. गाडी कंपनीची हमी कारखान्यातून निघालेल्या गाडीपुरती असते. पार्ट बनवणाऱ्याची हमी त्याच्या पार्टपुरती असते, आणि बारीक अक्षरात बहुधा 'पार्ट बदलून देऊ, इंजिनच्या नुकसानीला जबाबदार नाही' असं लिहिलेलं असतं. तिसरी हमी डीलरची. त्याने तो पार्ट तुम्हाला विकला, त्याने तो बसवला, आणि नव्या गाडीसोबत विकताना 'हा या गाडीला चालतो' असं एकतर बोलून दाखवलं किंवा गृहीत धरायला लावलं. या तिसऱ्या हमीचा वेगळा कागद बहुधा मिळत नाही, म्हणून ती नाहीच असं वाटतं. पण विक्रेता आणि फिटर म्हणून त्याची जबाबदारी कंपनीच्या वॉरंटी पुस्तिकेवर अवलंबून नसते.

अधिकृत शोरूममध्ये बसवलं म्हणजे कंपनीने मान्यता दिली, हा समज मात्र खरा नाही. डीलर हा स्वतंत्र धंदा असतो आणि कंपनीशी असलेल्या त्याच्या करारातही सहसा तसंच लिहिलेलं असतं. बोर्ड कंपनीचा, काउंटर कंपनीचा, गणवेशावर कंपनीचा लोगो, मग ग्राहकाने वेगळं काय समजायचं, हा युक्तिवाद चुकीचा नाही आणि तक्रारीत तो जरूर मांडावा. पण एकट्या त्याच्या जोरावर क्लेम उभा करू नये.

म्हणून पहिलं काम म्हणजे तुमचे पार्ट नक्की कुठल्या प्रकारातले आहेत ते शोधणं. काही परफॉर्मन्स पार्ट गाडी कंपनीच्याच नावाचे असतात: टोयोटाचं टीआरडी, फोर्डचं फोर्ड परफॉर्मन्स, बीएमडब्ल्यूचं एम परफॉर्मन्स. अशा पार्टना कंपनीची वेगळी लेखी वॉरंटी असते. ती किती काळ आणि कशावर, हे पार्ट डिलिव्हरीआधी डीलरने बसवला की नंतर, यावरून बदलू शकतं, त्यामुळे बसवल्याची तारीख महत्त्वाची. दुसऱ्या प्रकारात पार्ट तिसऱ्याच कंपनीचा असतो आणि डीलर फक्त विकतो. तुमच्या वर्णनावरून तुमचे चारही पार्ट या प्रकारातले आहेत. बिलावर 'ॲक्सेसरीज पॅकेज' अशी एकच ओळ असेल तर त्यावर थांबू नका. पार्ट बसवतानाचं जॉब कार्ड, पार्ट नंबर आणि बसवल्याची तारीख लेखी मागा. डीलरच्या वर्कशॉपमध्ये हात लावलेल्या गाडीचं जॉब कार्ड असायलाच हवं. नसेल, तर ती गोष्टही तक्रारीत लिहिण्यासारखी आहे.

आता आतली एक गोष्ट, जी काउंटरच्या बाहेर सहसा कोणी सांगत नाही. वॉरंटीतल्या कामाचे पैसे डीलर कंपनीकडून घेतो. नंतर ऑडिटमध्ये गाडी मॉडिफाय केलेली होती असं निघालं, तर कंपनी ते पैसे त्याच्याकडून परत वसूल करू शकते. त्यामुळे असली गाडी आली की बरेच ॲडव्हायझर क्लेम टाकतच नाहीत. 'कंपनीने नाकारलं' असं तुम्हाला सांगतात आणि कंपनीपर्यंत काही पोचलेलंच नसतं. म्हणून विचारा: क्लेम टाकला का? कोणत्या तारखेला? नंबर काय? नाकारणाऱ्याचा हुद्दा काय? एवढ्यावरच काही प्रकरणं पुन्हा उघडतात.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. ज्या डीलरने पार्ट बसवले, तोच आता टर्बो का गेला याचा अहवाल कंपनीला पाठवणार आहे. म्हणजे स्वतःच्या फिटिंगची तपासणी तो स्वतःच करणार. यात त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायची गरज नाही, पण ही व्यवस्था तुम्ही मान्य करायचंही कारण नाही. कंपनीच्या ग्राहक विभागाला लिहून कंपनीचा फील्ड इंजिनिअर मागा, किंवा गाडी दुसऱ्या अधिकृत डीलरकडे हलवायची परवानगी मागा. टोचन करून न्यायला लागली तरी न्या.

मग येतो मूळ मुद्दा: बिघाडाचं कारण. गाडीत बदल असणं आणि त्या बदलामुळे बिघाड होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा वाद या दोघांच्या मधल्या जागेत असतो. लोअरिंग स्प्रिंगमुळे टर्बो जात नाही. त्यांच्यामुळे शॉक ॲब्सॉर्बर लवकर जाऊ शकतात, अलाइनमेंट बिघडून टायर एका बाजूने खाल्ले जातात, आणि गाडीची उंची बदलल्यावर कॅमेरा-रडार पुन्हा कॅलिब्रेट केले नाहीत तर ड्रायव्हर-असिस्ट चुकीचं वागू शकतं. पण टर्बोशी त्यांचा संबंध नाही. एक्झॉस्ट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (कॅट, धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) मागचंच असेल तर त्याचाही टर्बो मरण्याशी संबंध जोडणं अवघड आहे. डाउनपाइप (टर्बोमधून निघणारी पहिली नळी) बदलून कॅट काढला असेल तर मात्र चित्र वेगळं: टर्बोच्या मागचा दाब घटतो, तो जास्त वेगाने फिरू शकतो, आणि प्रदूषण नियमांचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. इनटेकचा संबंध असू शकतो, फिटिंग कसं केलं यावर ते ठरेल. राहिला ट्यूनिंग बॉक्स. खरा संशयित तो आहे, आणि तुमच्या बाजूने काम करतानाही मी ते लपवणार नाही.

टर्बो काय सांगतो ते जरा जवळून बघू, कारण मेलेला टर्बो बरंच बोलतो. हवेच्या बाजूच्या चाकाच्या, म्हणजे कॉम्प्रेसर व्हीलच्या, पात्यांच्या पुढच्या कडा चेपल्या किंवा तुटल्या असतील तर इनटेकमधून काहीतरी आत गेलंय: सैल क्लिपचा तुकडा, नट, फिटिंग करताना राहिलेली एखादी वस्तू. त्याच कडा गुळगुळीत झिजून पातळ झाल्या असतील तर धूळ गेलीय, म्हणजे फिल्टर नीट बसलेला नाही किंवा मधल्या जोडातून हवा खेचली जातेय. दोन्हीत बोट फिटिंगकडे किंवा इनटेककडे जातं, म्हणजे डीलरकडे. याउलट एक्झॉस्टच्या बाजूच्या टर्बाइन व्हीलला मार लागला असेल तर तुकडा इंजिनमधूनच आलाय, तेव्हा आधी इंजिन तपासा. शाफ्ट निळा-काळा पडला असेल आणि बेअरिंगवर ओरखडे असतील तर ऑइल कमी पोचलं किंवा घाण ऑइल पोचलं. सर्व्हिसिंग वेळेवर आणि योग्य ग्रेडच्या ऑइलने झाल्याच्या पावत्या असतील, तर हा बिघाड कंपनीच्या वॉरंटीत बसतो आणि चारही पार्ट बाजूला राहतात. आणि कॉम्प्रेसर व्हीलच्या पाठीमागच्या गुळगुळीत पृष्ठभागाला संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा आला असेल, किंवा चाकच फुटलं असेल, तर टर्बो त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरलाय. इथे बॉक्सचं नाव येतं.

बॉक्स करतो काय? बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, मोजणारा सेन्सर आणि ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) यांच्या मध्ये बसून तो ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब सांगतो. ईसीयूला वाटतं दाब कमी पडतोय, म्हणून तो टर्बोला आणखी फिरवतो. यात एक मोठी अडचण आहे: ईसीयूमध्ये नोंदलेला बूस्टचा आकडा बॉक्सने सांगितलेलाच असतो, म्हणजे नॉर्मल दिसतो. बॉक्सवाला तोच लॉग दाखवून 'बघा, बूस्ट मर्यादेत आहे' म्हणेल. जाणकार तपासनीस त्याऐवजी आत आलेल्या हवेचं वस्तुमान बघतो. नोंदलेल्या बूस्टला जितकी हवा जायला हवी त्यापेक्षा बरीच जास्त जात असेल, तर आकडा खोटा आहे.

ज्यांच्या गाडीत बॉक्सऐवजी ईसीयूच रीमॅप केलाय, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअरच बदललंय, त्यांनी लपवायच्या फंदात पडू नये. ईसीयूमधल्या सॉफ्टवेअरची ओळख आणि त्याचा पडताळणी क्रमांक ओबीडी सॉकेटमधून (तपासणीचं यंत्र जोडायची जागा) वाचता येतो, आणि तो कंपनीच्या नोंदीशी जुळला नाही की लगेच कळतं. फोक्सवॅगन-ऑडी समूहात अशा गाडीच्या चेसिस नंबरवर 'टीडी१' अशी खूण पडते, हे ट्यूनिंग करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी काही ईसीयूंमध्ये किती वेळा प्रोग्रामिंग झालं याची मोजणी मागे राहते. तसंच क्लेमच्या आधी घाईघाईने बॉक्स काढून घरी नेणं. कंपनीला ते पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं, आणि डीलरवरचा तुमचा चांगला दावा तुम्ही स्वतःच कमकुवत करता, कारण त्याने काय आणि कसं बसवलं होतं हे दाखवायला काही उरत नाही. पार्ट जिथे आहेत तिथेच राहू द्या. फोटो काढा, जोडांचे आणि क्लिपांचे जवळून काढा.

टर्बो किंवा इंजिन खोलायच्या आधी काही गोष्टी लेखी झाल्या पाहिजेत. स्कॅन रिपोर्ट आणि बिघाडाच्या क्षणी ईसीयूने साठवलेली आकडेवारी, म्हणजे फ्रीझ फ्रेम, आधी काढून त्याची प्रत घ्या. बिघाडाचे कोड पुसले गेले किंवा सॉफ्टवेअर अपडेट टाकलं तर ती माहिती जाऊ शकते. खोलताना तुम्ही किंवा तुमचा तपासनीस हजर असेल, असं कळवा. काढलेले भाग, ऑइल फिल्टर आणि थोडं ऑइल बाजूला काढून सीलबंद ठेवायला सांगा. आणि खोलण्याच्या एस्टिमेटवर सही करताना हाताने लिहा: 'बिघाड वॉरंटीत बसल्यास खोलण्याचा खर्च मी देणार नाही, या सहीचा अर्थ क्लेम सोडला असा नाही.' काउंटरवर यावर कुरकुर होते. होऊ द्या.

कायद्याचं बोलायचं तर देश वेगळे असले तरी दिशा बरीचशी एकच आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, अमुकच ब्रँडचा पार्ट वापरला तरच वॉरंटी, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही. २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच अटींवरून हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली आणि त्या अटी बदलायला लावल्या. पण या कायद्याचा हवाला देणारे अर्धंच सांगतात. बाहेरच्या पार्टमुळेच नुकसान झालं असं कंपनीने दाखवलं, तर ते नुकसान भरून द्यायची सक्ती त्यात नाही. भारतात स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ गाडी कंपन्यांच्या सुट्या भागांच्या प्रकरणात म्हटलं की बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. ते प्रकरण बाहेरच्या दुरुस्तीचं होतं, परफॉर्मन्स पार्टचं नव्हतं, आणि आदेशावर पुढे अपिलंही झाली. तरी 'जेवढं नुकसान, तेवढाच नकार' हे सूत्र तुमच्या पत्रात मांडण्यासारखं आहे.

डीलरच्या जबाबदारीबाबत युरोपीय संघाचा २०१९ चा वस्तुविक्रीचा निर्देश सगळ्यात स्पष्ट आहे. विक्रेत्याने स्वतः बसवलेली वस्तू चुकीची बसवली असेल, तर तो विकलेल्या वस्तूतलाच दोष धरला जातो. पहिल्या वर्षात दिसलेला दोष सुरुवातीपासून होता असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी विक्रेत्यावर येते. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात हीच मुदत सहा महिन्यांची आहे. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फिटिंगचं काम 'सेवेतील त्रुटी' म्हणून मांडता येतं, गरज पडली तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. तुमच्याकडे जो कायदा लागू असेल त्यात मुदत आधी बघा. डीलरच्या 'बघतो, कळवतो' मध्ये महिने निघून जातात.

पत्र दोन लिहायची, एकच नाही. कंपनीला लिहिताना भावना बाजूला ठेवून एवढंच विचारा:

'माझ्या गाडीच्या टर्बोचा वॉरंटी क्लेम नाकारण्यात आल्याचं मला तोंडी कळवलं आहे. कृपया लेखी कळवा की नकार कोणत्या भागासाठी आहे, वॉरंटीच्या कोणत्या कलमानुसार आहे, कोणत्या पार्टमुळे बिघाड झाला असं आपलं म्हणणं आहे, आणि कोणत्या तपासणीवरून आपण त्या निष्कर्षाला आलात. तपासणी अहवालाची प्रत द्यावी.'

शेवटचे दोन प्रश्न महत्त्वाचे. तपासणीच झाली नसेल तर याचं उत्तर देता येत नाही.

डीलरला लिहायचं पत्र वेगळं आहे. त्यात कंपनी काय म्हणते याला महत्त्व देऊ नका. डीलरला उद्देशून लिहा: 'तुम्ही हे चार पार्ट नव्या गाडीसोबत विकले, तुमच्या वर्कशॉपमध्ये बसवले, आणि त्यामुळे वॉरंटीवर परिणाम होईल असं कुठेही लेखी सांगितलं नाही. कंपनीचा नकार योग्य ठरला तर नुकसान तुमच्या कामामुळे झालं असा त्याचा अर्थ होतो. अयोग्य ठरला तर क्लेम पुढे नेणं ही अधिकृत डीलर म्हणून तुमची जबाबदारी आहे.' दोन्ही बाजूंनी उत्तर डीलरलाच द्यावं लागतं, हे पत्र वाचताना त्याच्या लक्षात आलं पाहिजे. विक्रीच्या वेळचे मेसेज, ईमेल, जाहिरात, 'वॉरंटीला काही होत नाही' असं सेल्समनने लिहिलेलं एखादं वाक्य, हे सगळं जोडा. मेसेज डिलीट होण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. उलट बाजूही तपासा: डिलिव्हरीच्या वेळी 'या बदलांमुळे वॉरंटी बाधित होऊ शकते' असा कागद तुमच्या सहीने गेलाय का? असेल तर दावा संपत नाही, पण 'मला सांगितलं नव्हतं' हा मुद्दा सोडून फक्त चुकीच्या फिटिंगच्या मुद्द्यावर लढावं लागेल.

बॉक्समुळेच टर्बो गेला असं तपासणीत निघालं तर? कंपनीशी वाद वाढवू नका, तिथे तुम्ही हराल आणि तेही रास्तच असेल. इंजिनवर वाढवलेला भार कंपनीने हिशेबात धरलेला नव्हता. मग प्रश्न उरतो डीलर आणि बॉक्सवाला यांच्यात, आणि तुम्ही पैसे ज्याला दिले तो डीलर. बॉक्सवाल्याकडून वसूल करायचं की नाही ते तो बघेल. काही ट्यूनिंग कंपन्या इंजिनसाठी स्वतःची वेगळी वॉरंटी देतात. ती तुमच्या नावावर नोंदवलेली आहे का, हे डीलरला विचारा, कारण काहींच्या हमीला अशी नोंदणी ठरावीक दिवसांत व्हावी लागते आणि ते काम फिटिंग करणाऱ्याकडेच असतं.

विमा कंपनीला हे बदल कळवले नसतील तर आता कळवा. टर्बोशी त्याचा संबंध नाही, पण उद्या अपघात झाला तर हाच वाद दुसऱ्या दारात उभा राहील.

आणि टर्बो कोणाच्याही खर्चाने बदलून मिळाला तरी प्रकरण तिथे बंद करू नका. नाकारलेल्या क्लेमनंतर कंपनीच्या सिस्टिममध्ये तुमच्या चेसिस नंबरवर वॉरंटी ब्लॉक टाकलेला असू शकतो, कधी फक्त इंजिन-गिअरबॉक्सवर, कधी निष्काळजीपणे पूर्ण गाडीवर. एसी, स्क्रीन, एअरबॅग, रंग यांचा ट्यूनिंग बॉक्सशी काही संबंध नाही, तरी पुढच्या तक्रारीच्या वेळी ॲडव्हायझर स्क्रीनकडे बघून 'तुमच्या गाडीला वॉरंटी नाही' म्हणेल. ब्लॉक आहे का, कोणत्या भागांवर आहे आणि कोणत्या तारखेपासून आहे, हे कंपनीच्या ग्राहक विभागाकडून ईमेलवर मागून घ्या. संबंध नसलेल्या भागांवर असेल तर तो काढल्याचा ईमेल हातात आल्याशिवाय गाडी वर्कशॉपमधून सोडवून घेताना 'तक्रार निकाली' या रकान्यात सही करू नका.